दुर्मीळ इंग्रजी आडनावाचे मूळ शोधताना या चुका टाळा

ॲटनबरो हे आडनाव मराठी वाचकाला ओळखीचे आहे ते दोन भावांमुळे. ‘गांधी’ चित्रपटाचे दिग्दर्शक रिचर्ड ॲटनबरो आणि निसर्गावरील माहितीपटांमुळे जगभर पोहोचलेले डेव्हिड ॲटनबरो यांची नावे आपण इतकी वर्षे ऐकत आलो आहोत की हे इंग्लंडमधील एखादे सर्रास आढळणारे आडनाव असावे, असा समज सहज होतो. प्रत्यक्षात ते दुर्मीळ आहे. मध्य इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमशर काउंटीत (काउंटी म्हणजे इंग्लंडचा पारंपरिक प्रशासकीय विभाग) ट्रेंट नदीच्या काठी याच नावाचे एक गाव आहे. आडनाव गावाच्या नावासारखे आहे आणि गाव नकाशावर सापडते, त्यामुळे शोध सुरू होण्याआधीच संपल्यासारखा वाटतो. नवख्या संशोधकाच्या बहुतेक चुकांना येथूनच सुरुवात होते. ब्रिटनमध्ये स्थायिक झालेली मराठी माणसे, इंग्रजी चरित्रांचे अनुवादक आणि आपल्याकडील छावण्यांमधल्या जुन्या थडग्यांवरील नावांचा माग काढणारे स्थानिक इतिहासाचे अभ्यासक या सर्वांना त्या केव्हा ना केव्हा भेटतात.

गावाचे नाव म्हणजे कुटुंबाचा पत्ता नव्हे

गावावरून पडलेले आडनाव त्या गावातच शोधत बसणे ही पहिली आणि सर्वात वेळखाऊ चूक होय. ज्या गावात सगळेच ॲटनबरोचे, तेथे एखाद्याला ‘ॲटनबरोचा’ म्हणून वेगळे ओळखण्याचे कारणच नसते. आपल्याकडे सातारकर हे नाव माणसाला बहुधा साताऱ्यात पडत नाही, तर तो सातारा सोडून दुसऱ्या गावी राहायला गेल्यावर पडते; इंग्लंडमधील स्थलवाचक आडनावांचे तसेच झाले. साधारणपणे बाराव्या ते चौदाव्या शतकांत ही नावे वंशपरंपरागत होत गेली. दक्षिणेत आणि मोठ्या जमीनदार घराण्यांत हे आधी घडले, तर उत्तरेत व सामान्य कुळांत ते उशिरा घडले. त्या काळी गाव सोडणारा माणूस बहुतेक वेळा फार दूर जात नसे; जवळचा बाजाराचा गाव किंवा शेजारच्या जमीनदाराची जमीन, एवढाच त्याचा प्रवास असे. म्हणून मूळ गावाच्या चर्चची नोंदवही पालथी घालून काही हाती लागले नाही, तर मूळ गाव चुकले असे लगेच मानू नये. आजूबाजूची गावे, विशेषतः बाजारपेठा, वर्तुळ काढून तपासाव्यात. रिचर्ड आणि डेव्हिड यांचे वडील फ्रेडरिक हे स्टेपलफर्डचे, आणि स्टेपलफर्ड ॲटनबरो गावापासून अवघ्या काही किलोमीटरवर आहे, हे या दृष्टीने बोलके आहे.

याच्या उलट चूकही तितकीच होते. १०८६ साली इंग्लंड जिंकणारा राजा विल्यम याने करवून घेतलेल्या जमिनींच्या पाहणीत, म्हणजे डूम्सडे बुकात, आपल्याला हवे ते नाव दिसले की ‘घराणे तेव्हापासूनचे’ असा दावा केला जातो. त्या पाहणीत प्रामुख्याने गावांची आणि जमीनधारकांची नावे आहेत. गावाचे नाव तेथे असणे आणि त्या नावाचे कुटुंब तेव्हा अस्तित्वात असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांच्यामध्ये दोन-तीन शतकांचे अंतर सहज पडते.

आजच्या स्पेलिंगवरून अर्थ लावणे

ॲटनबरोची एक व्युत्पत्ती गावाच्या नावाकडे नेते. दुसरी सांगते की ‘अटन’ हे मध्ययुगीन इंग्रजीतील ‘अमुक ठिकाणी राहणारा’ अशा अर्थाचे पूर्वपद असून पुढच्या भागात टेकडी किंवा वनराई दडलेली आहे. ही दुसरी व्युत्पत्ती खुळचट नाही. ॲटवुड, ॲटवेल यांसारखी आडनावे अशीच बनली. ॲश आणि ओक या झाडांवरून आलेल्या नॅश आणि नोक्स या आडनावांच्या आरंभीचा ‘न’ हा याच ‘अटन’चा उरलेला तुकडा आहे. अशी नावे ससेक्स, सरी या दक्षिणेकडील भागांत विपुल होती. मग खरे काय मानायचे? केवळ शब्दाकडे पाहून याचा निकाल लागत नाही. ज्या कुटुंबाचा शोध चालू आहे, त्याच्या सर्वात जुन्या विश्वासार्ह नोंदी कोणत्या भागातल्या आहेत, यावर तो अवलंबून असतो. त्या ट्रेंटच्या खोऱ्यात असतील तर गावाचे पारडे जड होते. दूर दक्षिणेत असतील तर तो वेगळाच उगम असू शकतो. एकाच आडनावाला दोन स्वतंत्र उगम असणे अगदी शक्य असते, आणि दुर्मीळ आडनावही त्याला अपवाद नाही.

रॅम्सबॉटम, लाँगबॉटम, साइडबॉटम या आडनावांवर इंग्रज स्वतःच हसतात. यातला ‘बॉटम’ म्हणजे दरीचा तळ, एवढा साधा अर्थ आहे, आणि रॅम्सबॉटम हे पूर्वी लँकेशरमध्ये असलेले गाव आजही नांदते आहे. नाव विचित्र वाटते म्हणून ते टोपणनाव असावे, असा तर्क करण्यापूर्वी स्थलनामांचा कोश उघडावा.

वितरणाचा नकाशा हा उगमाचा नकाशा समजणे

आडनावांच्या भौगोलिक वितरणाचे जे नकाशे सर्वत्र दिसतात, त्यांपैकी बरेचसे १८८१ च्या जनगणनेवर आधारलेले असतात, कारण त्या जनगणनेची नावनिहाय प्रतिलिपी स्वयंसेवकांच्या मदतीने लवकर तयार झाली. नकाशा उपयुक्त आहे, परंतु १८८१ पर्यंत औद्योगिक क्रांतीला शंभर वर्षे होऊन गेली होती, रेल्वे देशभर पसरली होती आणि खेड्यांतली माणसे कारखान्यांच्या शहरांत गेली होती. या नकाशातून आडनाव कोठे पोहोचले हे कळते, ते कोठून निघाले हे मात्र कळत नाही.

नकाशा वाचताना तीन गोष्टी तपासाव्यात. रंगाची गडदता व्यक्तींच्या संख्येवर आहे की लोकसंख्येतील प्रमाणावर, हे आधी पाहावे. संख्येवर असेल तर लंडन आणि मँचेस्टर जवळजवळ प्रत्येक नावासाठी गडद दिसणार आणि मूळचा ग्रामीण भाग फिका पडणार. दुसरे म्हणजे, शहरातील पुंजक्याला स्वतःचे कारण असू शकते. व्हिक्टोरियाकालीन लंडनमध्ये ॲटनबरो हे नाव वस्तू तारण ठेवून कर्ज देणाऱ्या पेढ्यांशी जोडले गेले होते. एकाच व्यवसायात पुढे आलेल्या नातेवाइकांमुळे राजधानीत या नावाची दाटी झाली, तर तिचा उगमाशी काही संबंध राहत नाही.

तिसरी गोष्ट सर्वात जास्त फसवते. नोंदणीचा जिल्हा आणि काउंटी यांच्या सीमा एकच नसतात. नोंदणीचे जिल्हे गरिबांच्या मदतीसाठी आखलेल्या पुअर लॉ युनियनच्या सीमांवर उभारले गेले, आणि त्या युनियननी काउंटीच्या सीमा मानल्या नाहीत. नॉटिंगहॅमशरच्या पश्चिम टोकाची काही गावे, स्टेपलफर्डसह, डर्बीशरमधील शार्डलो या गावाच्या नावाने चालणाऱ्या जिल्ह्यात येत. परिणामी नॉटिंगहॅमशरमध्ये जन्मलेले मूल सूचीत ‘शार्डलो’ म्हणून दिसते आणि नकाशा काढणारा त्याला डर्बीशरमध्ये नेऊन ठेवतो. आडनाव सीमेच्या चुकीच्या बाजूला दाट दिसत असेल, तर लोकांच्या स्थलांतराची कथा रचण्याआधी जिल्ह्यात कोणकोणती गावे होती ती यादी पाहावी.

जन्मस्थळावरही फार विसंबू नये. वडील स्टेपलफर्डचे, रिचर्ड यांचा जन्म १९२३ साली केंब्रिजमध्ये, डेव्हिड यांचा १९२६ साली लंडनजवळच्या आयल्वर्थमध्ये, आणि दोघांचे बालपण लेस्टरमध्ये गेले. एका शिक्षकाच्या नोकरीने एका पिढीत एवढी भ्रमंती घडवली.

जनगणनेच्या मर्यादा

जनगणना १८०१ पासून दर दहा वर्षांनी होत असली तरी देशभरातील व्यक्तींची नावे १८४१ पासूनच सलग उपलब्ध आहेत. १८४१ मध्ये पंधरा वर्षांवरील व्यक्तींचे वय बहुधा पाचच्या पटीत खाली उतरवून लिहिले गेले आणि जन्म त्याच काउंटीतला की नाही, एवढेच विचारले गेले. म्हणजे सत्तावीस वर्षांचा माणूस तेथे पंचवीसचा दिसतो. वय जुळत नाही म्हणून योग्य व्यक्ती सोडून देणारे पुष्कळ आहेत. जन्माचे गाव १८५१ पासून मिळते, म्हणून १८५१ हा मागे जाण्याचा खरा उंबरठा आहे. इंग्लंड आणि वेल्सची १९३१ ची जनगणना १९४२ मधील आगीत जळाली आणि १९४१ ची युद्धामुळे झालीच नाही. त्या शोधण्यात वेळ घालवू नये.

जन्म, विवाह व मृत्यूंची सरकारी नोंदणी इंग्लंड आणि वेल्समध्ये १ जुलै १८३७ रोजी सुरू झाली. त्याआधीसाठी १५३८ पासून ठेवल्या गेलेल्या चर्चच्या नोंदवह्या पाहाव्या लागतात. येथे तारखांचा एक सापळा आहे: १७५२ पूर्वी इंग्लंडमध्ये कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होई. त्यामुळे १७०१ च्या एप्रिलमध्ये लग्न झालेल्या जोडप्याला त्याच ‘१७०१’च्या फेब्रुवारीत मूल झालेले दिसले, तर ते लग्नाआधीचे नसून दहा महिन्यांनंतरचे आहे.

आणखी एक इशारा द्यायला हवा. सर्व चर्चच्या वह्यांची संगणकीय सूची झालेली नाही. एखादी काउंटी नकाशावर कोरी दिसते, तेव्हा तेथे ते आडनाव नव्हते की तेथली वही अजून कोणी उतरवलेली नाही, हे वेगळे तपासावे लागते. माझ्या मते घाईने काढलेल्या निष्कर्षांपैकी मोठा वाटा या कोऱ्या जागांचा आहे.

नोंद सापडतच नसेल तर

अशा वेळी दोष बहुधा स्पेलिंगचा असतो. नोंद करणारा पाद्री किंवा जनगणना अधिकारी ऐकलेले लिहीत असे, आणि कुटुंबातील कोणाला अक्षरओळख नसेल तर दुरुस्ती करणारेही कोणी नसे. शेवटचे ‘बरो’ तीन-चार प्रकारे लिहिले जाऊ शकते. स्वराने सुरू होणाऱ्या नावापुढे एखादा ‘ह’ चिकटतो आणि खऱ्या ‘ह’चा लोप होतो. चमली असे उच्चारले जाणारे आडनाव लिहिताना चोल्मोंडेली असे दिसते, यावरून कान आणि कागद यांच्यातील अंतराची कल्पना यावी. ध्वनिसाम्यावर चालणारी साउंडेक्स पद्धत मदत करते, पण ती पहिले अक्षर तसेच ठेवते. पहिलेच अक्षर चुकले असेल तर ती निरुपयोगी ठरते. अशा वेळी आडनाव पूर्णपणे सोडून द्यावे, केवळ व्यक्तिनाम, अंदाजे वय आणि गाव देऊन शोध घ्यावा, किंवा धाकट्या भावंडाच्या एखाद्या वेगळ्या नावावरून कुटुंब पकडावे. जनगणनेत कुटुंब एकत्र नोंदलेले असते, हा मोठा आधार आहे.

दुर्मीळ म्हणजे एकाच पुरुषाचे वंशज?

लेस्टर विद्यापीठात टुरी किंग आणि मार्क जॉब्लिंग या जनुकशास्त्रज्ञांनी चाळीस इंग्रजी आडनावांच्या पुरुषांची वाय गुणसूत्रे तपासली. हा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. आडनाव आणि वाय गुणसूत्र दोन्ही बापाकडून मुलाकडे जातात, म्हणून ही तुलना. स्मिथ या आडनावाच्या पुरुषांत विशेष साम्य आढळले नाही, कारण स्मिथ म्हणजे लोहार, आणि लोहार गावोगावी होते. ॲटनबरो पुरुषांपैकी मात्र ७० टक्क्यांहून अधिक जणांचे गुणसूत्र सारखे किंवा जवळजवळ सारखे निघाले. एवढ्या साम्याचा सरळ अर्थ असा की त्यांच्यातील बहुतेकांचा मूळपुरुष एकच असावा.

परंतु उरलेल्यांना ‘खोटे’ ठरवणे ही मोठी चूक होईल. दत्तक, आईचे आडनाव लावणे, सावत्र बापाचे नाव घेणे, विवाहबाह्य संतती, किंवा सरळ नाव बदलणे, यांपैकी कोणतेही कारण असू शकते. याच टुरी किंग यांनी लेस्टरच्या वाहनतळाखाली सापडलेल्या सांगाड्याची ओळख राजा तिसरा रिचर्ड म्हणून पटवली, तेव्हा स्त्रीवंशाकडून आलेला जनुकीय पुरावा जुळला, पण पुरुषवंशाच्या कागदोपत्री वंशजांचे वाय गुणसूत्र जुळले नाही. राजघराण्याशी जोडलेल्या काटेकोर वंशावळीत असा खंड पडतो, तर सामान्य कुटुंबात तो पडणे नवलाचे नाही.

कुलचिन्ह विकणाऱ्यांबद्दल थोडक्यात एवढेच की इंग्लंडमध्ये ढालचिन्ह व्यक्तीला आणि तिच्या कायदेशीर वंशजांना दिले जाते, आडनावाला नाही. १४८४ साली सनद मिळालेली कॉलेज ऑफ आर्म्स ही संस्था हे काम आजही पाहते. आडनाव सांगितल्याबरोबर चौकटीत बसवून मिळणाऱ्या चिन्हावर पैसे घालवू नयेत.

समुद्रापार गेलेले आडनाव

अमेरिकेत स्पेलिंग बदलले की दोष न्यूयॉर्कजवळच्या एलिस बेटावर स्थलांतरितांची तपासणी करणाऱ्या अधिकाऱ्यांना दिला जातो. प्रवाशांच्या याद्या निघण्याच्या बंदरावर तयार होत आणि अधिकारी त्यांवरून पडताळणी करत. नाव बदलले असेल तर ते बहुधा नंतर, कुटुंबाच्याच सोयीने.

पुणे, खडकी किंवा अहमदनगरच्या (आताच्या अहिल्यानगरच्या) छावणीत एखादे दुर्मीळ इंग्रजी आडनाव थडग्यावर आढळले, तर ते कुटुंब येथे स्थायिक होते असे गृहीत धरू नये. सैनिक पलटणीबरोबर येई आणि पलटणीबरोबर जाई. मुंबई इलाख्यातील बाप्तिस्मा, विवाह व दफनांच्या नोंदींच्या ज्या प्रती लंडनला पाठवल्या जात, त्या आज ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या दप्तरात आहेत. थडग्यावरील नावाला तेथील नोंदीची आणि पलटणीच्या कागदांची जोड मिळाल्याखेरीज त्याचे इंग्लंडमधले गाव ठरवता येत नाही.

नाव संपले, असे जाहीर करण्यापूर्वी

आडनावे का संपतात, हा प्रश्न फ्रान्सिस गाल्टन यांनी १८७३ साली गणिती कोडे म्हणून मांडला आणि हेन्री वॉटसन यांनी त्याला उत्तर दिले. काही पिढ्यांत कोणाला मुलगा होत नाही, कोणी अविवाहित राहतो, आणि मोजकीच घरे असलेले नाव केवळ योगायोगाने विरते. त्यासाठी महायुद्धाची किंवा साथीची गरज नसते, तरीही संशोधक असे नाट्यमय कारण शोधत राहतात. मात्र नाव सूचीतून नाहीसे झाले म्हणजे वंश संपला असे नव्हे. मुलींची घरे उरलेली असतात. त्यांचा माग काढण्यासाठी जन्मांच्या सूचीत आईचे माहेरचे आडनाव पाहावे, आणि २९ सप्टेंबर १९३९ रोजी युद्धाच्या आरंभी केलेली राष्ट्रीय नोंदणी आवर्जून तपासावी. ती वही पुढे राष्ट्रीय आरोग्य सेवेने अनेक दशके वापरली, त्यामुळे १९३९ मध्ये अविवाहित असलेल्या कित्येक स्त्रियांच्या नावांवर त्यांची लग्नानंतरची आडनावे नंतर लिहिलेली आढळतात.