खेड्यात राहून ऑनलाइन पदव्युत्तर कोर्स: अध्यापनात इंटरनेट वापरायला शिकणाऱ्या शिक्षकांसाठी

प्रवेश घेण्याआधी एक गोष्ट पक्की करा: तुम्हाला एका विषयाचे प्रमाणपत्र हवे आहे की पदविका-पदवी? दोन्हींचे रस्ते वेगळे आहेत.

प्रमाणपत्रासाठी 'स्वयम्' सोयीचे. २०१७ पासून सुरू असलेल्या या सरकारी मंचावर जानेवारी आणि जुलै अशी दोन सत्रे असतात. शिकायला पैसे पडत नाहीत, फी भरावी लागते ती परीक्षेची. बहुतेक कोर्सांत स्वाध्यायांना ३० आणि परीक्षेला ७० गुण असतात. एनपीटीईएलच्या (आयआयटींनी तयार केलेल्या) कोर्सांत २५ आणि ७५. पास होण्यासाठी दोन्हींत वेगवेगळे ४० टक्के लागतात. म्हणजे स्वाध्याय बुडवून परीक्षेत भरून काढू म्हटले तर जमत नाही, आणि खेड्यातले बरेच शिक्षक नेमके इथेच अडकतात.

पदवी-पदविकेसाठी नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ (नागपूर आणि अमरावतीला विभागीय केंद्रे) किंवा इग्नू (नागपूरला विभागीय केंद्र) पाहा. विद्यापीठ मोठे आहे एवढ्यावर पैसे भरू नका. तोच कोर्स, त्याच सत्रासाठी, यूजीसीच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या (डीईबी) यादीत आहे का ते तपासा. दूरस्थ आणि ऑनलाइन प्रवेशाला आता डीईबी आयडी लागतो आणि तो काढायला आधी एबीसी आयडी (तुमचे शैक्षणिक श्रेयांक साठवणाऱ्या सरकारी खात्याचा क्रमांक). आधारवर एक नाव, दहावीच्या सनदेवर दुसरे आणि लग्नानंतर तिसरे असेल तर गाडी इथेच थांबते. आधार दुरुस्तीला वेळ लागतो, म्हणून हे काम प्रवेशाच्या महिनाभर आधी उरका. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांनी उच्च शिक्षणाच्या परवानगीचा अर्ज मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख, गटशिक्षणाधिकारी या मार्गाने प्रवेशाआधीच पाठवावा. नंतर सेवापुस्तकात नोंद करून घेताना तोच कागद विचारला जातो.

सत्र आपल्या हंगामाशी जुळवा

विदर्भात उन्हामुळे शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटी उघडतात. जुलैचे सत्र घेतले तर सुरुवातीला वर्ग स्थिरावलेला नसतो. शेवटच्या स्वाध्यायांच्या वेळी सोयाबीनची सोंगणी, दिवाळी आणि कापसाची वेचणी एकदम येते, मोठी मुले शेतात जातात आणि हजेरी घसरते. त्यामुळे कोर्ससाठी वर्गात करायचा प्रयोग (त्याबद्दल पुढे) ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच आटपा. जानेवारीच्या सत्रात तो फेब्रुवारीत करा. मार्चपासून परीक्षांची घाई, आणि कोर्सची परीक्षा एप्रिल-मेच्या तापत्या उन्हात येते.

नेट आणि लाइन

तासाभराचा व्हिडिओ ३६० पी वर साधारण पाव जीबी खातो, ७२० पी वर जीबीच्या आसपास. व्याख्यानाला ३६० पुरेसे आहे, कारण पडद्यावर बहुतेक वेळ बोलणारा माणूसच असतो. पण फळ्यावरचे किंवा स्लाइडवरचे बारीक अक्षर वाचायचे असेल तर पीडीएफ नोट्स उतरवा, त्या दोन-चार एमबीच्या असतात. एनपीटीईएल व्हिडिओही उतरवू देते आणि लेखी उताराही देते. रेंज पहाटे किंवा रात्री उशिरा बरी मिळत असेल तर आठवड्याचे सगळे साहित्य एकाच बैठकीत फोनवर घ्या आणि मग नेट नसताना पाहा. घरी राउटर असेल तर १२ व्होल्टचा छोटा यूपीएस जोडा; लाइन गेली तरी दोन-तीन तास निघतात. आधी राउटरच्या अडॅप्टरवरचे व्होल्ट वाचून घ्या. काही राउटर ९ व्होल्टचे असतात, त्यांना १२ दिले तर ते जळतात.

स्वाध्याय मराठीत लिहिणार असाल तर युनिकोडमध्येच टाइप करा. कृतिदेवमध्ये लिहिलेली फाइल तुमच्या संगणकावर नीट दिसते, पण तपासणाऱ्याकडे तो फॉन्ट नसला की नुसती चिन्हे उमटतात. फोनवर जीबोर्डचा मराठी कीबोर्ड आणि बोलून टाइप करण्याची सोय दोन्ही चालतात. बोलून टाइप केलेल्यात विरामचिन्हे आणि जोडाक्षरे मात्र पुन्हा तपासावी लागतात. हाताने लिहिलेली पाने साध्या कॅमेऱ्याने काढू नका. एकेक फोटो ३-४ एमबीचा, दहा पाने झाली की अपलोड अर्ध्यावर तुटते. गूगल ड्राइव्हच्या स्कॅनने कृष्णधवल पीडीएफ करा.

वर्गातला प्रयोग

कोर्सचा जीव यात आहे. कोर्समध्ये टीपॅकची चौकट शिकाल (पुण्य मिश्रा आणि मॅथ्यू कोहलर यांनी ती २००६ मध्ये मांडली): विषयाचे ज्ञान, शिकवण्याची रीत आणि तंत्रज्ञान एकत्र बसले पाहिजे. उत्तरपत्रिकेत तीन वर्तुळे सगळेच काढतात. पाठ रचताना मात्र आधी व्हिडिओ शोधला जातो आणि मग त्याला धडा चिकटवला जातो. उलटे करा. आधी असा प्रश्न घ्या, ज्याचे उत्तर पाठ्यपुस्तक आणि फळा यांवर भागत नाही.

एक चांगला प्रश्न आपल्याच बुलढाणा जिल्ह्यात आहे: जून २०२० मध्ये लोणार सरोवराचे पाणी गुलाबी का झाले? आठवी-नववीच्या वर्गासाठी आदल्या रात्री चार मजकूर उतरवून घ्या: विकिपीडियाचे पान, दोन बातम्या, आणि कोणी लिहिले ते न सांगणारा फिरता संदेश. चारही छापा. पाच-सहा मुलांचा गट, प्रत्येक गटाला चारही कागद आणि एक तक्ता: कोण सांगते, कधी सांगितले, कशावरून, पाणी कोणी तपासले का? वीस मिनिटे द्या. ज्या बातमीत पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासल्याचा उल्लेख आहे, तिच्यापाशी मुले थांबतात. पाणी गुलाबी होण्याचे कारण तिथे मिळते: पाणी आटून खारेपणा वाढला आणि हॅलोआर्किया हे खाऱ्या पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव फोफावले. मग उपग्रह चित्र दाखवा. इस्रोच्या भुवनवरून किंवा गूगल अर्थवरून ते आधीच साठवून ठेवा. मोजपट्टीने विवर मोजू द्या, व्यास साधारण १.८ किलोमीटर येतो.

बिघडते ते असे: एका फोनभोवती तीस मुले जमतात, पुढची चार पाहतात आणि बाकीची कालवा करतात. म्हणून वाचायचे ते कागदावर आणि पाहायचे ते शेवटी, एका गटाला एका वेळी. दुसरे, ऐन तासात पान उघडायला गेलात तर दहा मिनिटे गोल फिरणाऱ्या चिन्हात जातात.

परिणाम मोजताना 'मुलांना आवडले' लिहून भागवू नका, त्याला गुण मिळत नाहीत आणि मिळूही नयेत. आधी आणि नंतर तेच पाच प्रश्न विचारा. दोन दिवसांनी एक नवाच मजकूर देऊन मुलांना तो एकट्याने तपासू द्या. आधीचा तक्ता न देता किती मुले 'हे कशावरून?' असे विचारतात, ते लिहून ठेवा. अहवालातले हेच पान सर्वात मोलाचे.

विज्ञानाच्या शिक्षकांनी फेट या संकेतस्थळाची सिम्युलेशन (पडद्यावर करून पाहायचे प्रयोग) घ्यावीत. अनेक मराठीत आहेत आणि उतरवून नेटशिवाय चालतात. मराठी विकिपीडिया अख्खा हवा असेल तर तो नेटशिवाय दाखवणारे किविक्स हे अॅप वापरा. मेळघाटात कोरकू किंवा भामरागडकडे माडिया बोलणारी लहान मुले असतील तर गावातल्याच कोणाकडून सूचना त्या भाषेत व्हॉट्सअॅप व्हॉइस नोटवर घ्या. मिनिटभराची नोट एक एमबीसुद्धा होत नाही.

अहवालात मुलांचे फोटो घालायचे तर पालकांची लेखी संमती घ्या. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा १८ वर्षांखालील प्रत्येकाला बालक धरतो. फोटो पाठमोरे असतील तर उत्तमच. वर्गात शिकवताना दुसऱ्याचे साहित्य वापरायला प्रताधिकार कायद्याच्या कलम ५२ मध्ये सवलत आहे, पण तोच पाठ यूट्यूबवर चढवताना ती गृहीत धरू नका. तिथे क्रिएटिव्ह कॉमन्स परवाना असलेलीच चित्रे घ्या आणि खाली कर्त्याचे नाव द्या.

फाइल शेवटच्या तारखेच्या दोन दिवस आधी चढवा, जमा झाल्याचा स्क्रीनशॉट ठेवा. परीक्षा केंद्र बहुधा शहरात येते. धारणी, एटापल्लीकडून येणाऱ्यांनी आदल्या दिवशीच निघावे, आणि प्रवेशपत्रासोबत ज्या ओळखपत्रावर तेच नाव आहे तेच न्यावे.