शाळेचा गणवेश: या चुका टाळा

जून उजाडला की शिंप्याकडे झुंबड उडते आणि पहिली चूक तिथेच होते. ‘वाढतं अंग आहे, दोन वर्षं पुरू दे’ म्हणून पोराला ढगळ गणवेश शिवतात. मी शिकवते त्या वर्गातला एक मुलगा खेळाच्या तासाला डाव्या हाताने हाफपँट धरून पळायचा. चेंडू झेलायला त्याच्याकडे एकच हात उरायचा. गणवेश अंगाला बसेल असाच शिवा आणि वाढीसाठी आत माया ठेवायला सांगा: खालच्या दुमडीत दोन-अडीच इंच, कमरेला मागच्या शिवणीत इंचभर. दिवाळीनंतर उसवून सोडली की झालं. कापड सुती असेल तर शिवायला टाकण्याआधी रात्रभर भिजवून वाळवा. नाहीतर पहिल्याच धुण्यात आटतं आणि मापं फुकट जातात.

दुसरी चूक कुणाच्या लक्षातच येत नाही. पहिलीतली एक मुलगी दुपारपर्यंत पाण्याला तोंड लावत नसे. ती ट्युनिकऐवजी पँट घालायची आणि लघवीला जाताना तिच्या पट्ट्याचं बक्कल तिला उघडता यायचं नाही. बाईंना सांगायची तिला लाज वाटायची, म्हणून ती तहान मारून बसायची. आईने पट्टा काढून इलॅस्टिक घातलं आणि आठवडाभरात तिची बाटली रिकामी होऊन घरी जाऊ लागली. लहान मुलांच्या कपड्यांना कडक हुक, घट्ट काज, गाठीची नाडी नको. शाळा सुरू होण्याआधी मुलाला सगळा गणवेश घरी चार-पाच वेळा स्वतःच्या हाताने घालू-काढू द्या. कुठे अडतं ते लगेच दिसेल.

पावसाळ्यात ओलसर गणवेश तसाच चढवू नका. काखेत, जांघेत गजकर्ण होतं आणि घरात एकाचं दुसऱ्याला लागतं. रात्रीच पिळून पंख्याखाली टाका, सकाळी इस्त्री फिरवा. मोजे मात्र ओले असतील तर घालूच नका. त्या दिवशी सँडल चालेल का, हे वर्गशिक्षकांना विचारा. केसांचंही तेच. न्हाऊन ओल्या केसांच्या घट्ट वेण्या घालून वर रिबिनी बांधल्या की केस दिवसभर आतून ओलेच राहतात. आदल्या संध्याकाळी न्हायला घाला. उवा दिसल्या तर मुलीला बोल लावू नका, बारीक फणी आणा. नखं रविवारी कापा. राखीपौर्णिमेची किंवा घरच्या लग्नाची मेंदी हातावर असेल तर त्यावरून कुणी रागावू नये, असं मला मनापासून वाटतं.

आता आम्हा शिक्षकांची चूक. गणवेश नाही म्हणून मुलाला वर्गाबाहेर उभं करणं किंवा प्रार्थनेला सगळ्यांसमोर बोलणं. शिक्षण हक्क कायदा 2009 च्या कलम 17 ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी आहे, आणि असं चारचौघांत लाजवणं मी छळच मानते. सरकारच्या समग्र शिक्षा योजनेतून पात्र मुलांना दोन मोफत गणवेश मिळतात. 2024-25 मध्ये महाराष्ट्रात राज्य पातळीवरून एकसारखं कापड देऊन गणवेश शिवून घ्यायचं ठरलं आणि अनेक शाळांत ते महिनोन् महिने पोचले नाहीत. डिसेंबर 2024 मध्ये गणवेश घेण्याचा अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे आला. तोवर रंगीत कपड्यांत आलेल्या मुलांचा त्यात काय दोष होता?

मूल गणवेशाशिवाय आलं तर आधी वर्गात बसवा, मधल्या सुट्टीत एकट्याला जवळ घेऊन विचारा. बहुतेक वेळा उत्तर ‘वाळला नाही’ किंवा ‘फाटलाय’ एवढंच असतं. माझ्या कपाटात एक पिशवी असते: सुई-दोरा, बटणं, सेफ्टी पिना, रिबिनीची जोडी, दोन सदरे आणि एक स्कर्ट. एप्रिलमध्ये आखूड झालेले गणवेश पालक धुऊन, इस्त्री करून आणून देतात. जूनमध्ये ते ज्याला लागतील त्याच्या दप्तरात जातात, कुणाचे होते हे न सांगता.