पाडस एकटे दिसले म्हणजे पोरके नव्हे : वाळवंटी प्राणी वाचवताना या चुका टाळा

पश्चिम राजस्थानातील एका लहानशा शुश्रूषा केंद्रात काम करताना मला वारंवार दिसते की, आमच्याकडे आणलेल्या पुष्कळ प्राण्यांना दोन इजा झालेल्या असतात. एक कुत्र्याने, कुंपणाच्या तारेने किंवा वाहनाने केलेली असते आणि दुसरी वाचवणाऱ्याने. पहिलीवर निदान काही उपचार करता येतात. दुसरी मात्र पाच मिनिटे थांबून विचार केला असता तर झालीच नसती.

यातली सर्वांत हट्टी चूक म्हणजे झुडपाखाली एकटे बसलेले चिंकाऱ्याचे, म्हणजे इथल्या लहानखुऱ्या हरणाचे, पाडस उचलून आणणे. चिंकाऱ्याची मादी नवजात पाडसाला बोरीच्या किंवा केरच्या झुडपाआड दडवून स्वतः दूर चरायला जाते आणि दिवसातून मोजक्याच वेळा त्याला पाजायला येते. पाडसाच्या अंगाला वास फारसा नसतो व ते जमिनीला चिकटून निश्चल बसते. आई सतत त्याच्यापाशी घुटमळली तर कोल्ह्याकुत्र्यांना त्याचा ठावठिकाणा कळेल. माणसाला मात्र त्याचे हे निश्चल बसणेच आजारपण वाटते.

एका मे महिन्यात एक कुटुंब असे पाडस मोटारीतून, मुलांच्या मांडीवर ठेवून, आमच्याकडे घेऊन आले. त्याची नाळ नुकतीच सुकलेली होती आणि अंगावर एक ओरखडाही नव्हता. ‘आम्ही दहा मिनिटे वाट पाहिली, आई आलीच नाही,’ असे त्यांनी सांगितले. पाच माणसे झुडपाभोवती उभी असताना ती येणार तरी कशी, हे त्यांच्या ध्यानात आले नव्हते. परत नेऊन ठेवू या म्हटले, तर जागेची खूण म्हणून त्यांना एक वळण आणि एक खेजडीचे झाड एवढेच आठवत होते. थारमध्ये खेजडीच्या खुणेवर जागा शोधायची, म्हणजे लग्नाच्या मांडवात पागोटेवाला शोधण्यासारखे आहे. आम्ही अंधार पडेपर्यंत फिरलो, पण ती जागा सापडली नाही. वाटेत त्यांनी पाडसाला उताणे धरून पाण्याच्या बाटलीने गाईचे थंड दूध पाजले होते. दुसऱ्या दिवशी त्याच्या छातीत घरघर सुरू झाली आणि चौथ्या दिवशी ते गेले. दूध फुप्फुसात उतरले होते.

म्हणून माझी पद्धत अशी आहे की, पाडस दिसले तर प्रथम मोबाइलवर त्या जागेचे स्थान नोंदवायचे, मग शंभर-दोनशे पावले दूर जाऊन दुर्बिणीतून पाहत राहायचे, आणि तेही संध्याकाळ होईपर्यंत. जखम असेल, अंगावर माशा किंवा अळ्या असतील, मेलेली आई शेजारी पडली असेल किंवा पाडस सैरभैर हिंडत सारखे ओरडत असेल, तरच ते उचलावे. माणसाचा हात लागला की आई पिलाला टाकते, या समजुतीपायी अनेक जण चूक कळल्यावरही पाडस परत ठेवायला धजत नाहीत. हाताळून त्याच दिवशी परत ठेवलेली पाडसे आयांनी निमूटपणे पाजलेली मी पाहिली आहेत.

दुसरी चूक त्या गोष्टीतच आली आहे, ती म्हणजे पाजण्याची घाई. गार पडलेल्या किंवा सुकलेल्या पिलाचे आतडे दूध पचवू शकत नाही. प्रथम त्याला ऊब द्यावी, आणि वाळवंटातही ती द्यावीच लागते, कारण वाळू रात्री झपाट्याने थंड होते. मग तोंडात बोट घालून पाहावे. पिलू चोखत नसेल तर तोंडाने एक थेंबही देऊ नये आणि पशुवैद्याकडून त्वचेखाली किंवा शिरेतून द्रव द्यावा. चोखत असेल तर पोटावर बसवून, मान नैसर्गिकपणे वर राहील अशा बेताने, आधी कोमट क्षार-साखरेचे पाणी द्यावे आणि मग हळूहळू शेळीच्या दुधावर आणावे. दुधात कायमचे पाणी घालणारे लोक मला समजत नाहीत. चिंकाऱ्याचे दूध गाईच्या दुधापेक्षा दाट असते, पातळ नव्हे. प्रत्येक वेळी पाजून झाल्यावर ओल्या कापसाने पिलाचे गुद व मूत्रद्वार हलकेच पुसावे लागते, कारण एरवी आई चाटून ते करवून घेते. नवशिके हे हमखास विसरतात आणि मग पोट का फुगले म्हणून विचारतात.

मोठा चिंकारा जखमी असेल, तर त्याच्यामागे धावू नये. मोटारसायकलीवरून पाठलाग करून पकडलेला नर आमच्याकडे आला, तेव्हा त्याच्या पायाची जखम किरकोळ होती आणि तो उभाही राहिला. तिसऱ्या दिवशी त्याची लघवी काळपट झाली आणि तो मेला. अतिश्रमाने व भीतीने स्नायू फुटतात, त्यातून सुटलेले द्रव्य मूत्रपिंडे निकामी करते, आणि हे पकडल्यानंतर काही दिवसांनीही घडू शकते. पाठलागाचा पराक्रम सांगणाऱ्यांना ही हकिगत मी मुद्दाम ऐकवतो. कमी माणसे, उन्हाआधीची वेळ, डोळ्यांवर कापड आणि पूर्ण शांतता, एवढेच मी पाळतो. प्राण्याला ‘बाळा, घाबरू नकोस’ असे म्हणत थोपटण्याने त्याला धीर येत नाही. त्याच्या लेखी तो शिकाऱ्याचाच आवाज असतो.

गिधाडाला गुरांचे उरलेले वेदनाशामक टोचणे हा शुद्ध अडाणीपणा आहे. डायक्लोफिनॅकमुळे गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होतात, म्हणूनच 2006 मध्ये गुरांसाठी त्याच्या वापरावर बंदी आली आणि 2023 मध्ये किटोप्रोफेन व एसिक्लोफिनॅकवरही आली. बिकानेरजवळच्या जोडबीडसारख्या ठिकाणी शेकडो गिधाडे मेलेल्या गुरांवर जगतात, तेव्हा हे औषधांचे ज्ञान तेथील प्रत्येकाला असायला हवे. मेलॉक्सिकॅम हा सुरक्षित पर्याय आहे, पण त्याची मात्रा पशुवैद्यानेच ठरवावी. पक्ष्याच्या चोचीत पाणीही ओतू नये, कारण श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या मुळाशीच उघडे असते.

वाळवंटी मांजराला पॅरासिटामॉल देऊ नये, ते विष आहे. चांदणी कासव जमिनीवर राहणारे आहे, त्याला पाण्याच्या टबात सोडू नये, ते बुडते. खोकडाची पिले उघड्या हातांनी धरू नयेत. रेबीजची शंका नेहमीच धरावी.

पाळीव करण्याचा मोह हे याच घाईचे गोड रूप आहे. बाटलीवर वाढलेला नर चिंकारा वयात आला की माणसालाच प्रतिस्पर्धी समजून शिंगे रोखतो. म्हणून पाडसे एकत्र वाढवावीत आणि पाजणारा माणूस शक्यतो एकच असावा. कायदाही येथे स्पष्ट आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 नुसार असा प्राणी हाती आल्यास 48 तासांच्या आत पोलिसांना किंवा वन विभागाला कळवणे बंधनकारक आहे. मी तर प्राणी उचलण्यापूर्वीच फोन करतो.

सोडण्याच्या बाबतीत सर्वाधिक उतावीळपणा सांड्याच्या, म्हणजे काटेरी शेपटीच्या वाळवंटी सरड्याच्या, वाट्याला येतो. सांडा पळून जाऊ नये म्हणून शिकारी त्याचा कणा मोडतात, आणि असे प्राणी सोडण्यायोग्य क्वचितच होतात. बरे झालेले सांडे मात्र थंडीत सोडून देण्याची विनंती दरवर्षी येते. हिवाळ्यात सांडा आपल्या बिळात तोंड बंद करून पडून राहतो. बिळावाचून उघड्यावर सोडलेला सांडा रात्रीच्या गारठ्यात हलूही शकत नाही. नोव्हेंबरात आलेला सांडा आमच्याकडे होळी उलटेपर्यंत मुक्काम करतो, आणि मगच उन्हे चढल्यावर, जेथून आणला होता त्याच माळावर सोडला जातो.