नवा कॉम्प्युटर सारखा बंद पडतोय? लाइटचं आणि उन्हाचं कारण ऐकून फोन ठेवू नका

जळगाव-धुळ्याकडून कस्टमर केअरला फोन लागला, की पलीकडच्या माणसाकडे दोन उत्तरं तयार असतात. "सर, तुमच्याकडे व्होल्टेजचा प्रॉब्लेम असेल." नाहीतर, "तिकडे टेम्परेचर खूप आहे ना?" अडचण अशी की ही उत्तरं अगदीच खोटी नसतात. भुसावळला मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. ज्या गावात गावठाणाची आणि शेतीची लाइन अजून वेगळी झालेली नाही, तिथे विहिरीवरच्या मोटारी सुरू झाल्या की घरातले दिवे डीम होतात.

म्हणून कंपनीशी वाद घालण्याआधी ही दोन कारणं आपणच तपासायची, आणि ती नसतील तर पुराव्यासकट बाजूला काढायची. ती बाजूला निघाली, की समोरच्याला मशीनमधल्या दोषावर यावंच लागतं.

आधी बिल, मग बाकीचं

मशीन घेऊन थोडेच दिवस झाले असतील तर पहिली धावपळ मुदतीची. दुकानदार ज्याला 'डीओए' म्हणतात, म्हणजे खोक्यातून काढलेला मालच खराब निघाला, त्यासाठी कंपन्या थोड्या दिवसांची मुदत ठेवतात. ऑनलाइन खरेदीत बदलून देण्याची मुदत ऑर्डरच्या पानावर लिहिलेली असते. त्या मुदतीत नवं मशीन मिळतं. ती उलटली की फक्त दुरुस्ती. "दोन दिवस वापरून बघा, सेट होईल" असं दुकानदाराने कितीही गोड बोलून सांगितलं, तरी तक्रार त्याच दिवशी लेखी नोंदवा. व्हॉट्सअॅपवर केली तरी चालेल, पण तारीख दिसली पाहिजे.

बिल पक्कं हवं आणि त्यावर सिरियल नंबर हवा. जळगावच्या गोलाणी मार्केटमधून घ्या, नाहीतर ऑनलाइन मागवा, साध्या चिठ्ठीवर मशीन घेऊ नका. कंपनीच्या वेबसाइटवर सिरियल नंबर टाकून वॉरंटी कधीपासून धरली आहे तेही बघा. कधीकधी ती दुकानात माल आला त्या तारखेपासून धरलेली असते आणि बिल पाठवलं की दुरुस्त होते. वॉरंटी घरी येऊन दुरुस्तीची आहे की मशीन सेंटरला नेऊन देण्याची, हेही तिथेच कळतं. शहाद्याच्या किंवा रावेरच्या माणसाला हा फरक फार महागात पडू शकतो. खोका आणि थर्माकोल माळ्यावर ठेवा, भंगारवाल्याला देऊ नका.

डेटा आणि ती ४८ आकडी किल्ली

मशीन अजून सुरू होतंय तोवर फोटो, कागदपत्रं, टॅलीचा डेटा बाहेरच्या ड्राइव्हवर घ्या. सर्व्हिस सेंटर डेटाची जबाबदारी घेत नाही, तसं जॉब शीटवर, म्हणजे मशीन जमा करताना मिळणाऱ्या कागदावर, छापलेलंच असतं.

एक गोष्ट मात्र फार थोड्यांना माहीत असते. विंडोज ११ असलेल्या बऱ्याच नव्या लॅपटॉपांत डिस्क आपोआप कुलूपबंद झालेली असते. बायोस (मशीन सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट केलं किंवा मदरबोर्ड बदलला, की मशीन या कुलपाची, म्हणजे बिटलॉकरची, ४८ आकडी रिकव्हरी की मागतं. ती आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. आजच उघडून वहीत उतरवून ठेवा. दुकानातल्या पोराने स्वतःच्या ईमेलवर मशीन चालू करून दिलं असेल, तर किल्ली त्याच्या खात्यात असण्याची शक्यता आहे. तो दुकान सोडून जायच्या आत त्याला गाठा.

बंद पडतं म्हणजे नक्की काय होतं?

"बंद पडी गया" एवढ्यावर कोणीच काही करू शकत नाही. लाइट गेल्यासारखं फटकन बंद होतं, की आपोआप रीस्टार्ट होतं? पडदा गोठतो आणि माउस हलत नाही, की निळा पडदा येऊन खाली काही कोड दिसतो? विंडोज ११च्या नव्या आवृत्तीत हा पडदा निळ्याऐवजी काळा असतो, पण कोड असतोच. फटकन बंद पडलं तर संशय वीज, पॉवर सप्लाय किंवा उष्णतेवर जातो. कोड येत असेल तर रॅम (चालू कामाची मेमरी), ड्रायव्हर (मशीनचे भाग चालवणारं सॉफ्टवेअर) किंवा एसएसडी (डेटा साठवणारी डिस्क). हा ढोबळ नियम आहे, पण सुरुवात करायला पुरतो.

एक वही करा. तारीख, वेळ, तेव्हा काय चालू होतं, चार्जर लावलेला होता का, कोड काय आला. पडद्याचा मोबाइलवर फोटो घ्या. जमल्यास व्हिडिओ काढा आणि त्यात भिंतीवरचं घड्याळ येऊ द्या.

विंडोजही स्वतःची वही ठेवतं. स्टार्टच्या शोधपट्टीत 'रिलायबिलिटी' शोधलं की 'व्ह्यू रिलायबिलिटी हिस्टरी' येतं. त्यात दिवसवार तक्ता असतो आणि लाल फुली म्हणजे त्या दिवशी काहीतरी कोसळलं. त्याचा स्क्रीनशॉट घ्या. इव्हेंट व्ह्यूअर या विंडोजच्याच नोंदवहीत 'कर्नल-पॉवर ४१' दिसेल. त्यात 'पॉवर' शब्द वाचून लगेच "बघा, लाइटचाच प्रॉब्लेम" म्हणणारे भेटतात. ती नोंद एवढंच सांगते की मशीन नीट शटडाउन न होता बंद झालं. रॅम खराब असली तरी हीच नोंद पडते, म्हणून हे उत्तर मान्य करू नका.

लाइटचं कारण कसं काढायचं

लॅपटॉप असेल तर काम सोपं आहे. बॅटरी पूर्ण चार्ज करा, चार्जर काढा आणि मशीन चालवा. बॅटरीवर असतानाही ते कोसळलं तर व्होल्टेजचा विषय तिथेच मिटला. याचा व्हिडिओ नक्की काढा, सुटलेला चार्जर आणि पडदा दोन्ही एका चौकटीत दिसू द्या. शिवाय बहुतेक लॅपटॉपच्या अॅडॉप्टरवर १०० ते २४० व्होल्ट असं छापलेलं असतं. म्हणजे साधारण कमी व्होल्टेज त्याला चालतं. त्या छापील ओळीचाही फोटो ठेवा.

डेस्कटॉपला थोडी मेहनत आहे. आपल्याकडे घरगुती पुरवठा २३० व्होल्टचा मानला जातो. वायरमनकडून मल्टिमीटर आणा, सॉकेटवर सकाळी, भर दुपारी आणि रात्री मोटारी चालू असताना रीडिंग घ्या, वहीत लिहा. अर्थिंगही तपासून घ्या. कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या आल्या तर अर्थिंग नाही, आणि हा दोष खरोखर आपल्या घरचा आहे, तो आपणच दुरुस्त करायचा. कूलर आणि कॉम्प्युटर एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर असतील तर आधी वेगळे करा. मग चांगल्या यूपीएसवर चालवून बघा. तरीही बंद पडत असेल तर मशीन तालुक्याच्या गावी बहिणीकडे, मामाकडे न्या आणि तिथे चालवा. दोन घरी, दोन वेगळ्या डीपींवर (ट्रान्सफॉर्मरवर) तेच झालं, तर लाइटला दोष देणं कंपनीलाही अवघड जातं.

उन्हाचं कारण

बऱ्याच लॅपटॉपच्या माहितीपत्रकात वापरासाठी खोलीचं तापमान ३५ अंशांपर्यंत दिलेलं असतं. चैत्र-वैशाखात पत्र्याच्या खोलीत ते पाळणं कसं शक्य आहे, हा प्रश्न कंपनीला विचारून उपयोग नाही. उपयोग आहे पहाटेचा. पाच वाजता उठा, खोलीतल्या तापमापकाचा फोटो घ्या आणि मशीनवर रोजचंच काम सुरू करा. तेव्हाही कोसळलं तर ऊन निर्दोष ठरलं.

फक्त दुपारीच बंद पडत असेल तर ते मान्य करून पुढे जा. लॅपटॉप गोधडीवर ठेवू नका, खालची जाळी मोकळी राहू द्या. कूलरच्या ओल्या झोतासमोर तर मुळीच नको. तापमान दाखवणारं एखादं मोफत सॉफ्टवेअर टाकून आकडे बघा. प्रोसेसर तापला की आधी स्वतःचा वेग कमी करतो, अगदीच आवरेना झालं तर बंद होतो. नव्या मशीनचा पंखा फिरतच नसेल, तर तो उन्हाचा नाही, मशीनचाच दोष आहे.

मशीनची स्वतःची परीक्षा

विंडोज अपडेट पूर्ण करा. ड्रायव्हर कंपनीच्या वेबसाइटवरूनच घ्या. 'ड्रायव्हर अपडेटर' नावाची फुकट सॉफ्टवेअरं टाळा. बायोस अपडेट करायचं झालं तर यूपीएस किंवा भरलेली बॅटरी असतानाच करा.

मग कंपनीचीच चाचणी चालवा. डेलवर सुरू होताना एफ १२ दाबून डायग्नोस्टिक्स निवडायचं, एचपीवर एफ २. चाचणी नापास झाली की एक कोड मिळतो, त्याचा फोटो काढा. कंपनीच्याच चाचणीने कंपनीचंच मशीन नापास केलंय, यावर कस्टमर केअरला फारसं बोलता येत नाही. रॅमसाठी 'विंडोज मेमरी डायग्नोस्टिक' आहे, पण ते कधीकधी खराब रॅमही पास करतं. मेमटेस्ट८६ पेनड्राइव्हवर घेऊन रात्रभर चालवलेलं बरं.

असेंबल केलेल्या डेस्कटॉपमध्ये बायोसमधलं एक्सएमपी बंद करून बघा. रॅम जास्त वेगाने पळवण्याचं हे सेटिंग पुष्कळ नव्या मशीनांना सोसत नाही. दोन रॅम असतील तर एकेक लावून चालवा. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीच्या काही डेस्कटॉप प्रोसेसरांमध्ये जास्त व्होल्टेजमुळे अस्थिरता येते, हे कंपनीने २०२४ मध्ये स्वतः मान्य केलं, त्यावर मायक्रोकोड (प्रोसेसरसाठीचा दुरुस्तीचा कोड, जो बायोस अपडेटमधून येतो) दिला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. बायोस अपडेटने पुढचं नुकसान टळतं, आधीच बिघडलेला प्रोसेसर सुधारत नाही. तो बदलूनच घ्यावा लागतो. ब्रँडेड मशीनचं झाकण मात्र वॉरंटीत स्वतः उघडू नका.

आता फोन

नंबर वॉरंटी कार्डावरून किंवा कंपनीच्या वेबसाइटवरून घ्या. गुगलवर वर दिसणारा 'कस्टमर केअर' नंबर भामट्याचा असू शकतो. एनीडेस्क (दुसऱ्याला आपला पडदा दुरून बघू देणारं अॅप) टाकायला लावून बँकेचं अॅप उघडायला सांगितलं, की फोन ठेवा. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा.

खऱ्या कस्टमर केअरचा माणूस समोरच्या यादीतलं वाचतो आणि यादीत "रीसेट करा" असतं. एकदा करा. पण त्याआधी रिलायबिलिटीचे स्क्रीनशॉट घेतलेले असू द्या, कारण रीसेटमध्ये त्या नोंदी पुसल्या जातात. दुसऱ्यांदा तेच सांगितलं तर शांतपणे सांगा, "भाऊ, ते करून झालं, तुमच्याकडे नोंद आहे. आता वरच्या टीमकडे द्या." चिडून काही होत नाही. समोरचा पोरगा पगारी आहे, मशीन त्याने बनवलेलं नाही. मात्र केस नंबर घेतल्याशिवाय फोन सोडू नका.

फोननंतर लगेच ईमेल करा. असं काहीसं:

"आज दुपारी केस क्रमांक अमुक वर बोलणं झालं. मशीन अमुक तारखेला घेतलं, बिल जोडलं आहे. बॅटरीवर, चार्जर काढलेला असताना बंद पडतं, व्हिडिओ जोडला आहे. पहाटे खोलीत २७ अंश असतानाही बंद पडतं. रीसेट आणि बायोस अपडेट केलं, फरक नाही. तुमच्या चाचणीत अमुक कोड आला. सात दिवसांत पार्ट किंवा मशीन बदलून द्यावं."

मशीन नाशिकला किंवा छत्रपती संभाजीनगरला सेंटरवर द्यावं लागलं तर जॉब शीटवर तक्रार आपल्या शब्दांत लिहून घ्या. 'चेक-अप' एवढंच लिहू देऊ नका. चार्जर दिला का, ओरखडे आहेत का, तेही लिहा. "नो फॉल्ट फाउंड" म्हणून परत दिलं तर त्यांनी कोणती चाचणी किती वेळ चालवली हे लेखी मागा. पार्ट बदलला तर त्याचा नवा नंबर शीटवर हवा.

तरीही दाद नाही लागली तर

१९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे. मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. ते निकाल देत नाहीत, तक्रार कंपनीकडे पाठवून पाठपुरावा करतात. ऑनलाइन घेतलेल्या मालासाठी २०२०चे ई-कॉमर्स नियम आहेत. तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात तक्रार निकाली काढायची. ईमेलमध्ये या नियमाचा उल्लेख केला की उत्तराचा सूर बदलतो, असं माझं निरीक्षण आहे.

त्यानंतर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. जळगाव, धुळे, नंदुरबार, तिन्हीकडे आहे. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनी बंगळुरूची असली तरी. कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. वकील लावलाच पाहिजे असं नाही आणि तक्रार ई-जागृती पोर्टलवरून घरूनही दाखल होते. दोष तपासायला आयोग मशीन प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो.

सेवा केंद्र, झेरॉक्सचं दुकान, टायपिंगचा क्लास चालवणाऱ्यांनी एक जपावं. व्यापारी कारणासाठी घेतलेल्या वस्तूला हा कायदा लागू होत नाही, पण स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वतः चालवायच्या कामाला घेतलेल्या वस्तूला होतो. बिलावर दुकानाचा जीएसटी नंबर असेल तर कंपनी पहिला आक्षेप त्यावरच घेऊ शकते. तेव्हा हे मशीन मी स्वतः चालवतो आणि घर त्यावरच चालतं, हे वाक्य तक्रारीच्या पहिल्याच परिच्छेदात लिहा.