झुरका मोजण्याचं काम शिकायचं असेल तर

जळगाव-धुळ्याकडचे फिजिक्स, इलेक्ट्रॉनिक्स शिकणारे विचारतात की ई-सिगारेटच्या संशोधनात आपलं काय काम? माझं उत्तर एकच: झुरका मोजणं. डॉक्टरांना हवे असलेले आकडे आपल्या उपकरणातूनच निघतात.

सिगारेट तपासणाऱ्या यंत्राचा जुना आयएसओ (आंतरराष्ट्रीय मानक संघटनेचा) नियम होता ३५ मिलिलिटरचा, २ सेकंदांचा, मिनिटाला एक झुरका. ई-सिगारेटसाठी ५५ मिलिलिटर, ३ सेकंद, दर ३० सेकंदांनी. माणूस असा ओढत नाही. 'लाइट' सिगारेटी यंत्रावर सौम्य ठरल्या. ओढणाऱ्यांनी मात्र फिल्टरची छिद्रं बोटा-ओठांनी झाकली, झुरके मोठे घेतले आणि हवं तेवढं निकोटिन मिळवलं. म्हणून झुरक्याचं आकारमान, वेळ, वेग आणि दोन झुरक्यांतलं अंतर माणसावरच मोजायचं.

त्यासाठी ज्या नळीतून ओढायचं तिच्यात अरुंद छिद्र ठेवून दोन्ही बाजूंच्या दाबातला फरक सेन्सरने टिपतात. प्रवाह या फरकाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो, म्हणजे प्रवाह निम्मा झाला की फरक पावपट उरतो. ई-सिगारेटवरचे झुरके बरेचदा सावकाश आणि लांब असतात. नेमका तिथेच सिग्नल क्षीण होतो. छिद्र बारीक केलं तर सिग्नल वाढतो, पण ओढायला जड जातं आणि माणसाची सवयच बदलते. शिवाय वाफेतल्या ग्लिसरीनचे थेंब दाबाच्या नळ्यांत साचतात. म्हणून सिरिंजने कॅलिब्रेशन (ठाऊक असलेली हवा ओढून उपकरणाचे आकडे पडताळणं) मोजणीआधी करा आणि नंतरही करा, तेही सावकाश प्रवाहावर. मे महिन्यात भुसावळला काम असेल तर तापमान लिहून ठेवाच: २५ अंशांवर कॅलिब्रेट केलेल्या नळीतून ४३ अंशांना त्याच दाबफरकाला खरा प्रवाह साधारण ३ टक्के जास्त असतो.

२०१९च्या कायद्याने भारतात ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, विक्री, साठवणूक, सगळ्यावर बंदी आहे. तेव्हा ती मिळवायच्या भानगडीत पडू नका. सिरिंज आणि सेन्सरवर टेबलावरच हात बसवा. पुढे एथिक्स कमिटीची परवानगी काढून बिडीकडे वळा. सातपुड्यात तेंदूपत्ता वेचणारी माणसं आपल्याच भागातली, पण बिडीचा झुरका सिगारेटइतका मोजला जात नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. तेंदूचं पान कागदासारखी हवा आत घेत नाही, त्यामुळे बिडी विझू नये म्हणून भराभर ओढावी लागते. सिगारेटचे आकडे तिला लावून चालत नाहीत.

पीएचडीला अर्ज करताना प्रमाणपत्रांच्या ढिगापेक्षा स्वतः काढलेला कॅलिब्रेशनचा आलेख जोडा, आणि कमी प्रवाहावर चूक किती येते ते त्यावर स्पष्ट दाखवा.