जखऱ्या याजकाची कथा कशी वाचावी

लूककृत शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायातील 5 ते 25 ही वचने बहुधा नाताळच्या तोंडावर वाचली जातात आणि येशूची आई मरिया हिच्या कथेकडे जाण्याच्या घाईत जखऱ्याची हकिकत मागे पडते. म्हातारपणी मुलगा होईल, असे देवदूत या निपुत्रिक याजकाला मंदिरात सांगतो; तो शंका घेतो म्हणून त्याची वाचा जाते, आणि पुढे त्याची पत्नी अलीशिबा हिला योहान (बाप्तिस्मा करणारा) होतो. ती नीट उमगायची असेल, तर आधी यहूदी याजकांच्या सेवेची व्यवस्था आणि त्यानंतर जुन्या करारातील दीर्घ प्रतीक्षेनंतरचे जन्म, या क्रमाने अभ्यास करावा.

सुरुवात पाचव्या वचनापासून करावी. जखऱ्या अबीयाच्या वर्गातला, तर अलीशिबा अहरोनाच्या कुळातली, असे तेथे म्हटले आहे. हे वाचताना शेजारी पहिले इतिहास 24 उघडे ठेवावे. अहरोनाच्या वंशजांचे 24 वर्ग चिठ्ठ्या टाकून ठरवल्याचे तेथे दिसते आणि त्यांत अबीयाचा वर्ग आठवा आहे. प्रत्येक वर्गाची पाळी आठवडाभराची असून ती वर्षातून साधारण दोनदा येई. मोठ्या सणांना मात्र सर्वच वर्ग सेवेला लागत. याजक इतके होते की दररोजची कामेही चिठ्ठ्या टाकूनच वाटली जात. मिश्ना या यहूदी नियमसंग्रहाच्या तामीद या प्रकरणानुसार धूपाच्या चिठ्ठीसाठी, ज्यांनी हे काम पूर्वी कधीच केलेले नाही, अशांनाच बोलावले जाई. हे ध्यानात आले की नवव्या वचनाचे वजन कळते: म्हाताऱ्या जखऱ्याच्या वाट्याला तो मान त्याच दिवशी प्रथम आला होता.

येथे एक गैरसमज आवर्जून टाळावा. जखऱ्या महायाजक नव्हता आणि तो परमपवित्रस्थानात, म्हणजे मंदिराच्या पडद्यापलीकडील सर्वांत आतल्या भागात, शिरलेला नाही. निर्गम 30 मध्ये सांगितलेली धूपवेदी पडद्याच्या अलीकडे होती आणि तिच्यावर सकाळ-संध्याकाळ धूप जाळला जाई. त्या वेळी लोक बाहेर प्रार्थना करीत थांबलेले असत, हे दहाव्या वचनात आले आहेच.

यानंतर उत्पत्ती 18, शास्ते 13 आणि पहिले शमुवेल 1 हे अध्याय वाचावेत आणि प्रत्येक ठिकाणी वचन कोणाला मिळते, कोण शंका घेतो, मुलावर कोणते बंधन येते, हे वहीत टिपून घ्यावे. अब्राहाम व सारा यांच्याप्रमाणे जखऱ्या व अलीशिबाही वयातीत आहेत. शमशोनाच्या आईला घातलेली मद्याची मनाई येथे योहानाला लागू होते. पहिले शमुवेल 1 मधील निपुत्रिक हन्नेच्या कथेपाशी मात्र रेंगाळावे. शिलो येथे ती मनातल्या मनात प्रार्थना करते, ओठ हलतात पण आवाज फुटत नाही, आणि एली याजक तिला झिंगलेली समजतो. लूकच्या कथेत निपुत्रिकपणाचे दुःख याजकाच्याच घरात आहे आणि आवाज त्याचाच जातो. माझ्या मते लूकची रचना सर्वांत स्पष्ट दिसते ती या उलटापालटीत.

मग 21 व 22 ही वचने गणना 6:22-27 सोबत वाचावीत. धूप जाळून झाल्यावर याजकांनी लोकांना आशीर्वाद द्यायचा असे. जखऱ्या बाहेर येतो तो फक्त खुणा करीत. त्याची वाचा परतते ती थेट 64 व्या वचनात, पाटीवर मुलाचे नाव लिहून दिल्यानंतर, म्हणून अभ्यास 25 व्या वचनापाशी न थांबवता 80 व्या वचनापर्यंत न्यावा.

अबीयाच्या पाळीवरून येशूच्या जन्माची तारीख काढण्याचा मोह मात्र आवरावा. पाळी वर्षातून दोनदा येत असे आणि यांपैकी कोणती पाळी अभिप्रेत आहे, हे लूक सांगत नाही. योहानाच्या जन्माचा सण 24 जूनला येतो त्याचा आधार वेगळा आहे: 36 व्या वचनानुसार, देवदूताने मरियेला येशूच्या जन्माचे वचन दिले तेव्हा अलीशिबेला सहावा महिना होता, म्हणून हा सण नाताळच्या सहा महिने आधी ठेवला गेला. गोव्यात त्या दिवशी सांजांव, म्हणजे योहानाचा हाच सण, साजरा करताना विहिरीत उड्या मारतात, त्याचा संबंध 41 व्या वचनाशी, म्हणजे अलीशिबेच्या उदरात बाळाने घेतलेल्या उडीशी, जोडला जातो.