इंग्लंडच्या मार्केट टाउनमध्ये राहायला जाताय? या चुका टाळा

लंडनमध्ये नोकरी, घरात दोन मुलं, आणि लंडनचं भाडं काही केल्या परवडत नाही. इथवर आलं की बरीच मराठी कुटुंबं बाहेरची छोटी गावं बघायला लागतात: लेटन बझर्ड, हिचिन, टेम, सॅफ्रन वॉल्डन, मार्केट हार्बरो. आठवडी बाजारावर वाढलेली ही जुनी गावं. लेटन बझर्डच्या हाय स्ट्रीटवर आजही मंगळवारी आणि शनिवारी बाजार भरतो, आणि पंधराव्या शतकातला दगडी मार्केट क्रॉस तिथे उभा आहे. शनिवारी छान ऊन पडलेलं असताना असं गाव पाहिलं की तिथेच राहावंसं वाटतं. आणि ते वाटणं चुकीचं नाही, मुलं वाढवायला ही गावं खरोखर चांगली आहेत.

पण इथे येऊन अडचणीत सापडलेली जी कुटुंबं मी पाहिली, त्यांनी आधी घर ठरवलं, मग स्टेशन बघितलं आणि शाळेचा विचार शेवटी केला. हा क्रम बरोबर उलटा हवा. सकाळी मुलाला शाळेत सोडून गाडी पकडता येते का आणि संध्याकाळी त्याला घ्यायला वेळेत पोचता येतं का, कामाच्या दिवसाची ही दोन टोकं आधी जुळली पाहिजेत. ती जुळली नाहीत तर घर कितीही सुंदर असो, वर्षभरात पुन्हा बांधाबांध करावी लागते.

गावाला स्टेशन आहेच असं धरून चालणं

सॅफ्रन वॉल्डनचं स्वतःचं स्टेशन १९६४ मध्ये बंद झालं. लंडनची गाडी मिळते ती ऑडली एंडला, म्हणजे गावापासून साधारण दोन मैलांवर. टेमचं नाव ज्या स्टेशनाला आहे ते ‘हॅडनम अँड टेम पार्कवे’ शेजारच्या हॅडनम गावात आहे. बकिंगहॅमला तर प्रवासी रेल्वे उरलेलीच नाही. जाहिरातीत ‘स्टेशन जवळ’ लिहिलेलं असतं, ते कारने जवळ की पायी, हे नकाशावर स्वतः मोजा.

ज्या गावाला स्टेशन आहे तिथेही बघावं लागतं. लेटन बझर्डचं स्टेशन नदीपलीकडे लिन्स्लेडमध्ये आहे, आणि नव्या वसाहती होताहेत गावाच्या पूर्वेला. त्या घरांतून रोज सकाळी अख्खं गाव ओलांडून स्टेशन गाठायचं, तेही शाळेच्या वेळेच्या गर्दीत. गाडी घेऊन गेलात तर स्टेशनच्या पार्किंगचे पैसे वेगळे, ते रेल्वेच्या पासात येत नाहीत. अशा वेळी सायकल हा गंभीरपणे विचार करण्यासारखा पर्याय आहे.

घर ठरवण्याआधी कामाच्या दिवशी, शक्यतो नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, घरापासून ऑफिसच्या दारापर्यंतचा प्रवास एकदा प्रत्यक्ष करा. जाहिरातीतली ‘लंडन ३५ मिनिटं’ ही सर्वांत जलद गाडीची वेळ असते. त्यात घर ते स्टेशन, फलाटावरची वाट, आणि लंडनच्या यूस्टन स्टेशनला उतरल्यावरची ट्यूब (तिथली मेट्रो) धरलेली नसते. डिसेंबरात चार वाजायच्या आतच सूर्य मावळतो, तेव्हा संध्याकाळची बस तासाला एक आहे की शेवटची कधीच निघून गेली, हे कळणं फार महत्त्वाचं आहे.

रविवारची कामंही लक्षात घ्या. मुंबईकरांना मेगाब्लॉक नवा नाही. इथे शनिवार-रविवारी आणि बँक हॉलिडेला रुळांची कामं निघाली की गाडीऐवजी बस देतात आणि तासाचा प्रवास अडीच तासांवर जातो. २५ डिसेंबरला तर गाड्या धावतच नाहीत. नाताळात भारतातून आई-बाबा येणार असतील तर विमानाची तारीख हे बघूनच ठरवा.

पहिल्याच आठवड्यात वर्षाचा पास काढणं

वार्षिक सीझन तिकिटाची किंमत साधारण चाळीस आठवडी पासांइतकी असते, म्हणून ते स्वस्त दिसतं. रोज जाणाऱ्याला ते परवडतंही. पण आठवड्यात दोनच दिवस ऑफिस असेल तर फ्लेक्सी सीझन बघा: २८ दिवसांत कुठलेही ८ दिवस. पहिले दोन-तीन महिने महिन्याचा पास किंवा फ्लेक्सी घ्या, ऑफिसला जाणं खरोखर किती होतंय ते बघा आणि मग वर्षाचं ठरवा. वार्षिक पास मध्येच परत केला तर उरलेल्या दिवसांच्या प्रमाणात पैसे मिळत नाहीत, त्याहून बरेच कमी मिळतात. वर्षाचा पास घेऊन झाला असेल आणि नोकरीचे दिवस बदलले तर थांबू नका, लगेच परत करा. जितका उशीर, तितकं नुकसान. गाडी उशिरा आली की ‘डिले रीपे’चा दावा करायची सवयही लावून घ्या. अनेक कंपन्या १५ मिनिटांच्या उशिरापासून भरपाई देतात, पण मागितल्याशिवाय ती सहसा हातात पडत नाही.

‘घराजवळ शाळा आहे, प्रवेश मिळेलच’

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. सरकारी शाळेत फी नाही, देणगी नाही, मुलाखत नाही. पण जागा मोजक्या असतात. रिसेप्शन (शाळेचं पहिलं वर्ष) ते इयर टू या वर्गांत कायद्याने एका शिक्षकामागे ३० मुलांची मर्यादा आहे, त्यामुळे ‘एक जागा वाढवा ना’ या विनंतीला तिथे जवळपास वावच नसतो.

तारखा पक्क्या आहेत. ३१ ऑगस्टपर्यंत चार वर्षं पूर्ण झालेलं मूल त्याच सप्टेंबरात रिसेप्शनला जातं आणि त्याचा अर्ज त्या वर्षीच्या १५ जानेवारीपर्यंत द्यावा लागतो. सेकंडरीसाठी आदल्या वर्षीची ३१ ऑक्टोबर ही मुदत. निकाल अनुक्रमे १६ एप्रिल आणि १ मार्चच्या सुमारास. मुदतीनंतर आलेले अर्ज वेळेत आलेल्यांच्या नंतर बघितले जातात. म्हणून घर बदलायची तारीख निवडता येत असेल तर ती या मुदतींच्या आधी ठेवा.

वर्षाच्या मध्येच येणाऱ्यांना ‘इन-इयर’ अर्ज करावा लागतो. कुठे तो कौन्सिलकडे करतात, कुठे थेट शाळेकडे. उत्तर शाळेच्या कामाच्या १५ दिवसांच्या आत यायला हवं. यात अनेकदा असं होतं की मोठीला एका शाळेत जागा मिळते आणि धाकट्याला दुसऱ्या टोकाच्या. दोन्ही शाळा पावणेनऊला भरतात, मग साडेआठची गाडी कोण पकडणार? घराचा करार करण्याआधी दोन्ही मुलांच्या इयत्तांत जागा आहेत का, हे कौन्सिलला फोन करून विचारा. जागा राखून ठेवत नाहीत, पण परिस्थितीचा अंदाज ते सांगतात.

लेटन बझर्डला आणखी एक गोष्ट आहे, तिथल्या शाळा तीन टप्प्यांच्या. लोअर स्कूल साधारण नऊ वर्षांपर्यंत, मिडल तेरापर्यंत, मग अपर. इंग्लंडच्या बहुतेक भागात मूल अकराव्या वर्षी सेकंडरीला जातं, इथे मात्र तेव्हा ते मिडल स्कूलच्या मध्यावर असतं. इयर सेव्हनच्या मुलाला घेऊन आलात तर तो प्रवेशाचा नेहमीचा टप्पाच नाही, इन-इयर अर्ज करावा लागेल. शिवाय काही मैलांवर बकिंगहॅमशायरची हद्द लागते, आणि तिथे ग्रामर स्कूल (परीक्षा घेऊन प्रवेश देणाऱ्या सरकारी शाळा) व त्यांची प्रवेशपरीक्षा इलेव्हन-प्लस. ती परीक्षा इयर सिक्सच्या सुरुवातीला, सप्टेंबरात होते आणि तिची नोंदणी त्याआधी उन्हाळ्याच्या सुट्टीपूर्वीच बंद होते. नकाशावर शेजारी दिसणाऱ्या दोन गावांत मुलाचं शालेय आयुष्य इतकं वेगळं असू शकतं. कुठल्या कौन्सिलच्या हद्दीत घर आहे, हे म्हणून खोल्यांच्या संख्येआधी बघायचं.

आपल्याकडचे काही लोक ‘चर्च ऑफ इंग्लंड’ नाव दिसलं की ती शाळा यादीतून काढून टाकतात. तसं करू नका. या गावांतल्या बऱ्याच प्राथमिक शाळा त्याच आहेत. त्यांतल्या अनेकांत प्रवेश पत्त्यावर ठरतो आणि सगळ्या धर्मांची मुलं शिकतात. प्रवेशाचे नियम प्रत्येक शाळेच्या संकेतस्थळावर असतात, ते वाचा.

हवी ती शाळा मिळालीच नाही तर काय? मिळालेली जागा नाकारू नका, ती घेऊन ठेवा. सोबत हव्या त्या शाळेच्या वेटिंग लिस्टवर नाव घाला. ही यादी अर्जाच्या क्रमाने चालत नाही, शाळेच्या निकषांनी चालते. भावंड त्या शाळेत असेल किंवा घर जवळ असेल तर उशिरा आलेलं मूलही वर सरकतं. नकाराविरुद्ध अपील करायचा हक्क आहे. आणि मिळालेली शाळा लांब असेल तर वाहतुकीचं विचारा. आठ वर्षांखालच्या मुलासाठी दोन मैलांपलीकडे आणि मोठ्यांसाठी तीन मैलांपलीकडे, ती जवळात जवळची योग्य शाळा असेल तर, कौन्सिलने मोफत सोय करायची असते.

सव्वातीन ते साडेसहा

शाळा सव्वातीन-साडेतीनला सुटते. आफ्टर-स्कूल क्लब बहुधा सहापर्यंत. यूस्टनहून सव्वापाचला निघालेली गाडी वीस मिनिटं थांबली की हिशेब कोलमडतो. दोघंही लंडनला जात असाल तर दोघांचे ऑफिसचे दिवस वेगळे ठेवा, हाच सर्वांत टिकाऊ उपाय आहे. एप्रिल २०२४पासून नोकरीच्या पहिल्या दिवसापासूनच फ्लेक्सिबल वर्किंगची लेखी मागणी करता येते, ती संकोच न करता करा. क्लबच्या जागाही भरतात, म्हणून शाळेइतक्याच गांभीर्याने त्यांची चौकशी आधी करा.

लहान मुलांचं बजेट शेजाऱ्याच्या बोलण्यावरून बांधू नका. ‘आठवड्याला ३० तास फुकट’ हे खरं आहे, पण आई-वडील दोघांच्याही व्हिसावर ‘नो पब्लिक फंड्स’ (सरकारी मदत मिळणार नाही) अशी अट असेल तर ते मिळत नाही. तीन-चार वर्षांच्या मुलांचे १५ तास मात्र सगळ्यांना आहेत, आणि तेही वर्षाचे ३८ आठवडे. बाकीचे पैसे खिशातून जाणार असं धरूनच नर्सरीचा खर्च काढा.

जुन्या घराच्या प्रेमात पडणं

मार्केट टाउनच्या मध्यातली जुनी विटांची घरं मलाही फार आवडतात. पण त्यांच्या भिंती बऱ्याचदा एकसंध असतात, आधुनिक घरांसारखी मधे पोकळी नसते, त्यामुळे थंडी आत येते आणि वाफ भिंतीवर बसते. आपला स्वयंपाक म्हणजे कुकर, फोडण्या, उकळती आमटी. त्यात कपडे घरातच वाळत घातले की जानेवारीत कोपऱ्यांत काळी बुरशी धरते. घर बघताना उत्तरेकडच्या भिंती आणि कपाटामागचे कोपरे बघा. स्वयंपाकघरातला पंखा हवा खरोखर बाहेर टाकतो की नुसती फिरवतो, ते तपासा. बुरशी आली असेल तर नुसता रंग लावून उपयोग नाही. वाफ बाहेर काढा, खोल्या समान गरम ठेवा आणि घरमालकाला फोटोंसह लेखी कळवा.

नदीकाठच्या गावात पोस्टकोड टाकून सरकारी पूरनकाशा बघा, फुकट आहे. २००७ च्या पुरात ट्यूक्सबरीला पाण्याने चारही बाजूंनी वेढलं होतं. विकत घेत असाल तर विम्याचा दर आधीच विचारा.

माझं स्पष्ट मत, पहिलं वर्ष भाड्याने राहा. डिपॉझिट सहसा पाच आठवड्यांच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही आणि ते ३० दिवसांत सरकारमान्य योजनेत ठेवावं लागतं. नवीन आलेल्यांकडे इथला क्रेडिट इतिहास नसतो म्हणून पूर्वी सहा-सहा महिन्यांचं भाडं आगाऊ मागत. १ मे २०२६पासूनच्या नियमांनुसार एका महिन्यापेक्षा जास्त आगाऊ मागता येत नाही, आणि गाव पटलं नाही तर भाडेकरू दोन महिन्यांची नोटीस देऊन निघू शकतो.

गाडीचा परवाना लांबवणं

छोट्या गावात गाडी लागतेच. भारतीय परवान्यावर इथे राहायला आल्यापासून १२ महिने चालवता येतं, त्यानंतर नाही. प्रॅक्टिकल टेस्टची तारीख मिळायला महिनोन् महिने लागतात. म्हणून आल्या आल्या प्रोव्हिजनल (शिकाऊ परवाना) काढा, थिअरीची परीक्षा द्या आणि टेस्टची तारीख धरून ठेवा.

शाळा चालू असताना भारतात जाणं

लग्न फेब्रुवारीत असतं, तिकीट जानेवारीत स्वस्त असतं, आणि ‘दोन आठवडे शाळा बुडली तर काय’ असं वाटतं. इथे दहा आठवड्यांच्या काळात पाच दिवस विनापरवानगी गैरहजेरी झाली की दंडाची नोटीस येऊ शकते. २१ दिवसांत भरला तर प्रत्येक मुलामागे प्रत्येक पालकाला ८० पौंड, नाहीतर १६०. दोन मुलं असली तर आई-वडील दोघांचे मिळून ३२० पौंड होतात. तीन वर्षांत दुसऱ्यांदा झालं तर थेट १६०, आणि तिसऱ्यांदा प्रकरण कोर्टात जाऊ शकतं. आजारपणाचं खोटं कारण सांगू नका. सोमवारी परतलेलं मूल वर्गात सहलीच्या गोष्टी सांगतंच, आणि शाळेशी पुढची कित्येक वर्षं नातं ठेवायचं असतं.

सत्रांच्या तारखा कौन्सिल आणि शाळा वर्षभर आधी जाहीर करतात. त्या भारतातल्या नातेवाइकांना आताच पाठवून ठेवा. घरातलं अगदी जवळचं कार्य असेल तर हेडटीचरना आधी लेखी कळवा. परवानगी फक्त अपवादात्मक कारणासाठी मिळते, पण विचारणाऱ्याचं ऐकून घेतात. दिवाळीच्या मुख्य दिवसासाठी धार्मिक कारणाने रजा मागता येते. ती सुट्टी दंडाच्या हिशेबात येत नाही, फक्त अर्ज आधी दिलेला हवा.